खालचा हात

१

सकाळी पावणेअकराला हे सुरू झालं. वेळ नक्की सांगता येते, कारण त्याच वेळी समोरच्या शाळेत मधल्या सुट्टीची घंटा होते आणि आमची ठमी घरात असेल तिथून घंटेबरोबर टाळ्या वाजवते. ठमी म्हणजे माझी मुलगी. दोन वर्षांची आहे, आणि अंगाने अशी की हौसेने कडेवर घेणारा पाच मिनिटांत तिला परत करतो. तिची आंघोळ झाली होती. ती पलंगावर बसून स्वतःच्या पायाच्या अंगठ्याला रागवत होती आणि मी खाली फरशीवर बसून कापशीचे केस विंचरत होते.

कापशी आमची मांजर. आमची म्हणजे माझ्या आईची. आई गादीच्या कारखान्यात होती. शाळा सुटल्यावर मीही तिथेच लागले, ते लग्न होईपर्यंत. कापशी तिथल्या कापसाच्या ढिगात सापडली होती, डोळेही न उघडलेली, आणि आईने तिला कामाच्या डगल्याच्या खिशातून घरी आणलं होतं. ठमी माझ्या पोटात होती तेव्हा आई गेली. तिच्या खोलीतून मी फार काही आणलं नाही. एक कापशी, आणि एक छोटी गादी, जी आम्ही दोघी मिळून बाळासाठी करत होतो आणि जी अर्धीच राहिली.

गादीकाम केलेल्या बाईचा हात काही केल्या स्वस्थ बसत नाही. कापड दिसलं की त्यावरून तळवा फिरतो, आत कापसाची गुठळी लागली की अंगठा आपोआप ती मोडायला जातो. अजूनही मी कोणाकडे गेले तर खुर्चीत बसण्याआधी तिच्यावरून हात फिरवते. ठमीचे बाबा म्हणतात, "बस गं, चावणार नाही ती."

तर उजव्या हातात फणी होती आणि डावा हात आपला कापशीच्या पाठीवरून फिरत होता. खांद्याच्या जरा मागे बोट अडखळलं.

वाटाण्याएवढी गाठ. केसांचा गुंता असेल म्हणून केस बाजूला केले. गुंता नव्हता. कातडीच्या आत होतं काहीतरी, मऊ, गोल. अंगठा त्याच्या सवयीने गेला आणि दाबायला लागला. गाठ मोडली नाही. ती खाली गेली. मी अंगठा उचलायच्या आत परत वर आली आणि अंगठ्याला टेकून राहिली.

घंटा झाली. ठमीने टाळ्या वाजवल्या. कापशी डोळे मिटून घुरघुरत होती. घाबरले होते ती मी एकटी.

२

जनावरांच्या दवाखान्यात मी ठमीला कडेवर आणि कापशीला झाकणाच्या टोपलीत घेऊन गेले. दोघींपैकी रडत होती ती ठमी. डॉक्टरीणबाई शांत स्वभावाच्या. त्यांनी कापशीला टेबलावर उभं केलं, मानेपासून शेपटीपर्यंत चाचपलं, पोट पाहिलं, तोंड उघडून दात पाहिले.

"चरबीची गाठ दिसते," त्या म्हणाल्या. "वय झालं की होते कधीकधी. दुखत तर नाहीये तिला. तुम्ही लक्ष ठेवा. वाढली किंवा आणखी आल्या तर या. मग कापून काढू आणि तपासायला पाठवू."

"डॉक्टर, एक विचारू? दाबलं की परत दाबते."

"कोण, मांजर?"

"गाठ."

त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. पुन्हा बोट ठेवून पाहिलं. "अशा गाठी कातडीखाली सुट्या असतात. सरकतात. तुम्हाला तसं वाटलं असेल."

सरकतात. त्या शब्दाने मला इतकं बरं वाटलं की बाहेर आल्यावर ठमीने न मागता तिला बिस्किट मिळालं.

घराच्या जिन्यात वरच्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. "टोपलीत काय गं?"

"कापशी. गाठ आलीय तिला."

"म्हातारपण आलंय म्हण की. माझ्या गुडघ्याला आहे, मानेला आहे, मला नाही कोणी टोपलीत घालून नेत."

ठमीचे बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. माणूस हसरा आहे, पण दिवसभर लोखंडी दोरांची झीज बघून बघून त्यांना प्रत्येक गोष्टीत पुढचा अपघात दिसतो. जेवताना त्यांनी घास हातात तसाच धरला.

"लक्ष ठेवा म्हणजे काय? ठमी दुपारभर त्या मांजराला चिकटून झोपते."

"चरबी आहे म्हणाल्या. चरबीची लागण होत नाही."

"आज चरबी म्हणतील. उद्या वाढल्या तर?" मग माझ्या तोंडाकडे पाहून त्यांनी आवाज खाली आणला. "हे बघ, ती तुझ्या आईची आहे, मला कळतं. डोक्यावर बसवून घेईन मी तिला. पण पोरीला काही व्हायला नको. गाठी वाढल्या तर मांजर दवाखान्यात, नाहीतर दुसऱ्याच्या घरी. ठरलं?"

"ठरलं."

मी भांडी घासत होते आणि कापशी पायात घोटाळत होती. मी तिला म्हटलं, "गाठी वाढवू नकोस गं बाई. तुझ्याशिवाय आईचं माझ्याकडे आहे काय?"

३

वाढल्या.

पहिली होती तेवढीच राहिली. पण तिच्या मागे दुसरी आली, त्या दुसरीच्या मागे आणखी. कण्याला धरून, एका ओळीत. मग कण्याच्या पलीकडे तशीच दुसरी ओळ. मी कोणाला सांगितलं नाही. ठमीचे बाबा कामावर गेले की मी दार लावायचे, कापशीला मांडीवर घ्यायचे आणि आज तरी मोजायचं नाही असं ठरवून हात फिरवायचे.

मन समजूत काढायचं. कापशी खात होती, पीत होती, गॅलरीच्या कठड्यावरून चिमण्यांना शिव्या देत होती. आजारी जनावराच्या अंगात एवढा माज असतो का? मग तेच मन उलटून विचारायचं, सगळं खरं, पण ओळ कशी? चरबीला काय कळतं सरळ रेषेतलं?

कारण ओळी सरळ होत्या. दोन गाठींच्या मधे माझी दोन बोटं मावायची, शेजारी शेजारी, ना सैल ना घट्ट. कुठेही लावून पाहा. खांद्याकडे लावली, कमरेकडे लावली, तिरकी लावून पाहिली. मावायचीच.

एका सकाळी मी तिच्या पाठीला कान लावला. मांजराची घुरघुर बाहेरून ऐकली की लाडाची वाटते. आतून ती लांबच्या यंत्रासारखी येते. कारखान्यात कापूस पिंजायचं यंत्र भिंतीपलीकडे चालायचं, त्याची घरघर अशीच फरशीतून पायांत चढायची. मी डोळे मिटून घेतले. किती वर्षांनी ऐकत होते. आणि त्या घरघरीच्या खाली, थांबून थांबून, आणखी एक आवाज होता. सर्र. मग काही नाही. मग पुन्हा सर्र. जाड कापडातून मेण लावलेला दोरा ओढला की होतो तसा.

कान काढला. खोली होती तशीच होती. दोरीवर कपडे वाळत होते, नळाचा थेंब बादलीत पडत होता, ठमी डब्यावर झाकण उलटं बसवायच्या खटपटीत होती. मला भीती वाटायला हवी होती. वाटलीही असेल. पण आधी आला तो हुंदका.

४

गादीला टाके घालायला दोन माणसं लागतात. हे सांगायलाच हवं, नाहीतर मी जे करून बसले ते कसं झालं हे तुम्हाला कळायचं नाही.

भरलेली गादी लाकडी चौकटीवर उंच ठेवतात. एक बाई वर वाकून उभी, एक चौकटीखाली बसलेली. खालची दाभण वर खुपसते. वरची तो ओढून घेते, बोटभर बाजूला परत खाली पाठवते, आणि खालची दोरा खेचून आवळते. टाका बसला की तिथे गादीला खळी पडते. मधे गादी असते, त्यामुळे एकमेकींचं तोंड दिसत नाही. यंत्राच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही. म्हणून खुणा. खालचीने खालून बोटाने एकदा ढोसलं, की ती विचारते: आहेस ना? वरचीने दोनदा दाबलं, की तिला सांगितलं: आहे, पाठव.

कारखान्यात त्याला वरचा हात आणि खालचा हात म्हणायचे. आई कायम खालचा हात. खाली बसणारीच्या डोळ्यांत, नाकात सगळी धूळ पडते. मी लहान होते म्हणून तिने ती जागा मला दिली नाही, आणि मी मोठी झाले तरी दिली नाही. तू वर थांब, तुझे डोळे चांगले आहेत, म्हणायची. शेवटी त्याच धुळीने तिची छाती भरली.

बाळाची गादी आम्ही तिच्या खोलीत केली. चार खुर्च्यांची चौकट. मी पोट सांभाळत वर, ती खाली. यंत्र नव्हतं, बोलता आलं असतं, पण सवयीने दोघी मुक्याच काम करत होतो. अर्ध्यावर आलो आणि तिला खोकला लागला तो थांबेना. "राहू दे आज," ती खालून म्हणाली. "दाभण तुझ्याकडेच असू दे. उद्या इथूनच पुढे."

उद्या तिला दवाखान्यात नेलं.

तर ती सकाळ. कापशी मांडीवर, माझा अंगठा पहिल्या गाठीवर. गाठ खाली गेली, वर आली, आणि तिने अंगठ्याला ढोसलं. एकदा.

विचार केला असता तर हात काढून घेतला असता. पण इतक्या वर्षांच्या हाताला विचाराची वाट बघायची सवय नसते. मी दोनदा दाबलं.

आत, खूप खोल, दोरा ओढला गेला. आणि माझ्या डोळ्यांदेखत, शेवटच्या गाठीच्या पुढे दोन बोटांवर, कापशीचे केस जरासे हलले आणि एक नवीन गाठ वर आली.

कापशीने जांभई दिली. मी तिच्या पाठीवर तोंड ठेवून म्हटलं, "आई."

५

मग माझा तो नेमच झाला. घर रिकामं झालं की दार लावायचं, ठमीपुढे डबे मांडायचे आणि बसायचं. आई विचारायची, मी सांगायचे. आहेस ना? आहे, पाठव. दुसरं काही बोलता येत नव्हतं. मला किती सांगायचं होतं. ठमीचे कान थेट तुझ्यासारखे आहेत. ती झोपेत तुझ्यासारखीच दात खाते. मला बाळंतपणात तुझी इतकी आठवण आली की मी नर्सबाईंचा हात तुझा समजून धरला होता आणि त्या बिचाऱ्यांनी सोडवून घेतला नाही. पण या कशालाच खूण नव्हती. कामात लागत नाही ते सांगायला खूण कोण करून ठेवतं? मग मी नुसतं दोनदा दाबायचे, आणि जितकं जमेल तितकं सगळं त्या दाबण्यात घालायचे.

दूध उतू जायला लागलं. इस्त्री तापत राहायला लागली. ठमीने एकदा अख्खा साबण दातांनी कुरतडून ठेवला.

मग व्हायचं तेच झालं. एका संध्याकाळी ठमीच्या बाबांनी बसायला जागा करायची म्हणून कापशीला खुर्चीतून उचललं आणि तसेच उभे राहिले.

"अगं, हे काय? मांजर आहे की मक्याचं कणीस?"

मी तिला घ्यायला हात पुढे केले.

"कधीपासून?"

"झाले थोडे दिवस."

"आणि तू मला सांगितलं नाहीस." त्यांनी कापशीला हळूच खाली ठेवलं. रागात असले तरी तिला टाकलं नाही. "शनिवारी मला सुट्टी आहे. मी स्वतः नेतो. कापून काढू दे."

"आणि त्यात मेली म्हणजे?"

"आणि ठमीला काही झालं म्हणजे?"

"त्या गाठी तसल्या नाहीत."

"मग कसल्या आहेत?"

काय सांगणार होते? माझ्याशी बोलतात म्हणून? मांजराऐवजी मलाच टोपलीत घालून नेलं असतं. "चरबी आहे," मी म्हटलं.

"मग चरबी काढतील." ते माझ्या शेजारी येऊन बसले. गुडघ्यावरचा ग्रीसचा डाग नखाने खरवडायला लागले. "तुला काय वाटतं, मला नको होती का तुझी आई? या घरात चहा म्हणावा असा चहा ती आली की तिच्याच हातचा व्हायचा."

"आणि माझा?"

"तुझा औषध म्हणून पितो मी."

मी हसले. हसता हसता रडले, आणि शनिवारला हो म्हटलं.

६

शुक्रवारी दुपारी मी टोपली पुसून घेतली. दवाखान्यात कापशीला ओळखीचं काहीतरी अंगाखाली असावं म्हणून बाळाची गादी टोपलीत घालायचं मनात होतं. ती गादी पलंगावर भिंतीकडेला असते. कापशी तिच्यावर झोपते आणि ठमी कापशीला खेटून. आताही दोघी तिथेच होत्या, गादीच्या एका टोकाला, गाढ झोपेत. म्हटलं झोपू दे, उठल्या की काढू. हात मात्र सवयीने मोकळ्या टोकावरून फिरला.

अर्ध्या गादीला टाके होते, अर्धी तशीच, हे मला पाठ होतं. बिनटाक्याच्या बाजूला कापूस इकडून तिकडे पळायचा आणि हाताखाली पोकळ लागायचं. आता पोकळ लागलं नाही. खळी लागली. पुढे दुसरी. तिच्यापुढे आणखी. सरळ ओळीत, दोन बोटं सोडून.

वाकून पाहिलं. पिवळट, मेण लावलेला दोरा.

मी स्वतःशी वाद घातला. विसरली असशील, तेव्हा तुला कुठे कशाचं भान होतं. आईने मागाहून एकटीने घातले असतील. पण ते एकटीने होत नाही. ठमीच्या बाबांनी? त्यांना शर्टाचं बटण लावता येत नाही. गादीखाली हात सारला. खालच्या अंगाला प्रत्येक टाका आवळून डावीकडे पीळ दिलेला होता. सगळ्या बायका उजवीकडे देतात. आई डावखुरी होती.

तेव्हा मला समजलं. इतके दिवस मी गाठींवर बोट ठेवत होते. पण टाका आवळला की खळी पडते, आणि दोन खळ्यांच्या मधला कापूस फुगून वर येतो. मी बघत होते तो फुगवटा. टाके मधल्या जागांत होते, जिथे माझी दोन बोटं मावत होती.

आणि खालच्या हाताला वर काय आहे ते दिसत नाही. ते बघायचं काम वरच्याचं. कापडाची घडी आली, कोणाचं बोट मधे आलं, तर वरच्याने सांभाळायचं. खालची ओढत राहते. तिला एवढंच कळतं की वर आपलं माणूस आहे आणि ते पाठव म्हणतं आहे.

मी रोज म्हणत होते. रोज, दार लावून.

मी ठमीकडे वळले.

७

ती पालथी झोपली होती. गाल गादीवर, एक हात कापशीच्या पोटाखाली. घामाने झबलं वर सरकलं होतं. मी तिच्या छातीखाली हात घातला आणि उचललं. ती थोडी वर आली आणि अडली.

वजनाने अडली नाही. तिचं वजन मला माहीत आहे. टाका लागलेला कापूस उपसायला गेलं की जसा अडतो, तशी अडली. झोपेतच ती कण्हली. मी तिला परत खाली ठेवलं, जशी होती तशी, आणि झबलं आणखी वर केलं.

दोन्ही खांद्यांच्या मधोमध एक खळी होती. भोवतालची कातडी बारीक चुण्या पडून आत ओढली गेली होती. खळीच्या तळाशी काहीतरी पिवळट चमकलं आणि तिथून ते कापशीच्या केसांत शिरलं होतं. मला एवढंच दिसलं. जास्त बघायला मी थांबले नाही आणि जास्त सांगणार नाही.

मग त्या खळीशेजारी, दोन बोटांवर, माझ्या मुलीची पाठ आतून वर आली. एकदा.

आहेस ना?

माझा हात पुढे गेला. कशाला लपवू, गेला. अंगठा तिच्या पाठीवर टेकायला केसाएवढं अंतर राहिलं आणि तिथे मी तो धरून ठेवला. वाटलं, एकदाच. एवढं एकच उत्तर, मग नाही. ती तिथे आहे, अंधारात, धुळीत, आणि मी वर असून गप्प बसू?

"आई," मी मोठ्याने म्हटलं, "ही माझी मुलगी आहे. ठमी. तुझी नात आहे गं. थांब."

तिला कुठे ऐकू येणार होतं. पाठ पुन्हा वर आली, जरा जोरात. वरून उत्तर आलं नाही की खालची समजते, कापड जाड आहे. मग ती बळ लावते.

कातरी खिडकीत होती. मी ती घेऊन आले, दोघींच्या मधे बोट घालून केस दूर केले आणि दोरा धरला. ताठ होता, पण थरथरत नव्हता. आईचं तसंच असायचं, ती कधी हिसडा द्यायची नाही. गर्दीत लहान मुलाचं बोट धरावं तसा दोरा धरायची. मीही थोडा वेळ धरला. एक टोक तिच्याकडे, एक माझ्याकडे. एवढ्या जवळ आम्ही ती गेल्यापासून नव्हतो.

मग कापला.

दोरा खाली गेला. एकदम नाही. कोणीतरी हातावर गुंडाळून घेत असल्यासारखा, सर्र, सर्र, आणि गादीतले टाके एकामागून एक सुटत गेले, प्रत्येक ठिकाणी कापड श्वास घेतल्यासारखं वर येत. शेवटचा सुटल्यावर खूप खाली कोणी खोकल्याचा भास झाला. मी पलंगाखाली वाकून पाहिलं. चपला, ठमीचा चेंडू, धूळ.

कापशी उठली, अंग झाडलं, पंजा चाटला. ठमी जागी झाली. झोपमोड केली म्हणून तिने भोंगा पसरला, मला दोन चापट्या मारल्या आणि बिस्किट मागितलं. मी तिला उचललं. सहज उचलली गेली.

८

त्या दुपारी कापशी दाराशी जाऊन बसली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. सपाट, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. दार उघडलं. जिना उतरताना तिने एकदाही मागे पाहिलं नाही.

शनिवारी ठमीच्या बाबांनी रिकामी टोपली पाहिली आणि काही न बोलता तिला शोधायला बाहेर पडले. दवाखान्याची भीती वाटून गेली असेल, असं त्यांना वाटतं, आणि त्याचा दोष ते स्वतःकडे घेतात. ज्या ज्या इमारतीत लिफ्ट दुरुस्त करायला जातात तिथे विचारून येतात. काकूंनी वाटीत दूध घालून जिन्यात ठेवायला सुरुवात केली आहे. तोंडाने म्हणतात, "माझ्या हातून सांडतं म्हणून ठेवते."

ठमीच्या पाठीवरची खळी राहिली. मुलांच्या डॉक्टरांना दाखवली. असते एखाद्या मुलाला, म्हणाले, जन्मतःच असेल, तुमचं लक्ष गेलं नसेल. या पाठीला मी रोज तेल लावते. मी हो म्हटलं. तिथे तेल आता नुसत्या तळव्याने लावते, बोट टेकवत नाही.

गादी पार सपाट झाली आहे. सगळी झोपेत असली की मी तिच्यावर हात ठेवते. काही नाही. कापूस आहे. मला एवढंच सोसत नाही, की तिला काय वाटलं असेल? दोरा हातावर गुंडाळून ती बसली असेल आणि म्हणत असेल, पोर न सांगता उठून कुठे गेली?

म्हणून हे लिहिलं. कापशी पांढरी आहे, कानांना राखाडी कड, शेपटीचं टोक वाकडं. तुमच्याकडे आली तर मला कळवू नका. माझ्या घरात लहान मूल आहे आणि मला माझ्या हाताचा भरवसा नाही. तुमच्या घरात लहान मूल असेल तर तिला दाराबाहेरच दूध द्या, आत झोपू देऊ नका. पण घरात मोठी माणसंच असतील तर तिला मांडीवर घ्या. हाकलू नका, ती गरीब आहे. आणि कधी तिच्या पाठीवर ओळीने गाठी लागल्या, त्यातल्या एखादीने तुमच्या अंगठ्याला खालून ढोसलं, तर दोनदा दाबू नका. काही झालं तरी नाही.

पण घाबरून हात ओढूनही घेऊ नका. थोडा वेळ तसाच असू द्या, नुसता टेकलेला. वर कोणीतरी आहे, एवढं माझ्या आईला कळलं की पुरे.

मांजर काही विचारून येत नाही. तेव्हा ज्यांच्याकडे आहे त्यांना सांगा, ज्यांच्याकडे नाही त्यांनाही सांगा. तुमच्या ओळखीतल्या सगळ्यांना सांगा, की हात लगेच काढू नका.